मुठीच्या आतलं अस्तर

मुलांनो,

मागच्या सोमवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला एक प्रश्न विचारलात. तुमच्या आईबरोबर मी पाठवलेल्या सुरीच्या मुठीत, पोलाद आणि लाकूड यांच्या मधे, एक बारीक विटकरी रेघ दिसते, ती कसली? मी म्हटलं, "ते अस्तर आहे." तुम्ही म्हणालात, "अस्तर म्हणजे?" तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि फोन बंद झाला. तेव्हापासून ते उत्तर माझ्याकडे बाकी आहे.

पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्यानंतर काही आठवडे लिहिणं-वाचणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून मी राहिलेली कामं एका कागदावर मांडली. कपाटं आवरून झाली, औषधांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या, आजोबांना त्या चिठ्ठ्या वाचून दाखवून झाल्या. तुमचं उत्तर तेवढं राहिलं. तुमची आई म्हणते, तुम्ही आता मराठी नीट वाचता, फक्त जोडाक्षरांशी अडता. अडलात तर तिला विचारा. तीही लहानपणी तिथेच अडायची.

ब्लाउजला किंवा कोटाला आतून जे दुसरं कापड लावतात, ते अस्तर. ते दिसत नाही, पण वरच्या कापडाचा सगळा ताण ते सोसतं. सुरीच्या मुठीतलं अस्तर तसंच. सुरीचं पातं मुठीपाशी संपत नाही, ते मुठीच्या आत शिरतं. त्या आतल्या भागाला आमच्या गावच्या लोहाराच्या घरी शेपूट म्हणतात. शेपटीच्या दोन्ही अंगांना लाकडाची एकेक फळी लावली, आरपार पितळेचे खिळे, म्हणजे रिपिट, ठोकले, की मूठ तयार. आता गंमत बघा. आपल्या धाड गावच्या उन्हाळ्यात लाकूड वाळून आक्रसतं, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं. पोलाद मात्र बारा महिने आपल्या जागी ढिम्म. अशा दोघांचा संसार एका मुठीत लावून दिला की कधी ना कधी फट पडते. फटीत पाणी शिरतं, आत गंज धरतो, आणि एक दिवस वांगं चिरता चिरता मूठ हातात डुगडुगायला लागते. म्हणून त्या दोघांच्या मधे एक पातळ, थोडं दबणारं, दोघांशीही जमवून घेणारं काहीतरी घालतात. बस, एवढंच आहे ते.

पण ते एवढंसं काय असावं, आणि ते चिकटवायचं कसं, हे ठरायला आम्हाला एक पावसाळा आणि एक दिवाळी लागली. त्यात तुमच्या आजीची एक चूकही आहे. ती मी खाली लिहिणार आहे. कोणी दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा बरं.

बाजारतळाच्या कडेला लोहाराची भट्टी आहे. लोहार माझ्याच वयाचे. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, मीही म्हणते. त्यांचा मुलगा धाड ते बुलडाणा जीप चालवतो. त्या मुलाची बायको म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीला इंग्रजीत जेमतेम पास झाली होती, पण वहीला घातलेलं कव्हर असं नेमकं असायचं की मी ते वर्गात फिरवून दाखवायचे. हिच्या हातात काहीतरी आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. काय आहे ते कळायला पंधरा वर्षं गेली.

भाऊंच्या सुऱ्यांची मूठ गोल. लाकडाला भोक पाडायचं, त्यात लाख भरायची आणि तापवलेली शेपटी तिच्यात दाबून बसवायची. लाख थंड झाली की झालं. अशा मुठी त्यांनी आयुष्यभर बसवल्या. पण गेल्या काही वर्षांत त्यांचे गुडघे धरले आणि बारीक काम दिसेनासं झालं. सुनेनं फोनवर बघून दोन फळ्यांच्या चपट्या मुठी करायला सुरुवात केली. बाजारात बायकांना त्या आवडल्या, कारण ओल्या हातात त्या फिरत नाहीत. मात्र चार-सहा महिन्यांत एकेक सुरी परत यायला लागली. फळ्या सुटलेल्या.

भाऊंना ते लागलं. "माह्या सुरीची धार गेली तं लोक घेऊन येत, धार लावून नेत," ते मला म्हणाले. "मूठ घेऊन कोनी आलं नव्हतं आजलोग."

त्यांनी सुनेला सरळ सांगून टाकलं होतं. दिवाळीच्या आधीच्या बाजारापर्यंत मूठ टिकवून दाखव. टिकली तर मुठीचं सगळं काम तुझं, मी भट्टीपुरता. नाही टिकली तर दिवाळीनंतर मुठी बंद. नुसती पाती व्यापाऱ्याला देऊ, तो लावेल प्लास्टिक. आणि तू मग वावरात जा, नाहीतर घरी बस.

तिला वावराचा कंटाळा नव्हता. कापूस वेचायला ती लग्नाआधीही जायची. पण भट्टीच्या खोलीत खिडकीपाशी एक फळकुटाचं टेबल तिनं स्वतः ठोकून उभं केलं होतं. कानशी ओळीनं लावलेल्या, लाकडाचे तुकडे जातीप्रमाणे वेगळे. ते टेबल तिला हवं होतं. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. ती फक्त एक कागद घेऊन आली.

"मॅडम, हे वाचून द्या ना. समदं इंग्लिशमधी हाये."

दोन ट्यूबच्या गोंदाबरोबर येणारा तो माहितीचा कागद होता, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांचा. मी भिंग घेऊन बसले. मी इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवला, पण गोंदाचं इंग्रजी मला पहिल्यांदाच भेटत होतं. दोन्ही ट्यूब सारख्या प्रमाणात घ्या. जोडायचे पृष्ठभाग खरबरीत करा. तेलकटपणा अजिबात नको. आणि सांधा दाबून धरणारा शिकंजा फार आवळू नका, नाहीतर गोंद सगळा बाहेर येतो.

"म्हणजे सांधा कोरडा राहील," मी समजावलं.

"म्हंजे सांधा उपाशी राहीन," ती म्हणाली. "आमी तं आवळून आवळून उपाशीच मारला त्याले."

मी शिक्षिका होते आणि नेमका शब्द तिला सापडला. मी तोच लिहून दिला. मोठ्या अक्षरात एक पाटीच करून दिली म्हणा ना. स्वच्छ, कोरडं, खरबरीत. सांधा उपाशी ठेवू नये. आणि शेवटी, अधोरेखित: साफ केल्यावर बोट लावू नये. तिनं ती टेबलावरच्या भिंतीला चिकटवली.

याच कागदात, कोपऱ्यात, एक ओळ होती, की लाकूड आणि धातू जोडताना मधे पातळ थर द्यावा. अस्तर हा शब्द मी तिथे वापरला. भाऊ भात्यापाशी बसून ऐकत होते.

"अस्तर ब्लाउजले असते, मास्तरीनबाई. सुरीले काऊन?"

"तिलाही थंडी वाजते, भाऊ."

"मंग बाह्या बी लावा तिले."

आता अस्तर कशाचं करायचं? पहिला तुकडा मी दिला, तोही मोठ्या ऐटीत. आजोबांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे. पातळ, पाण्यानं न भिजणारा, सगळीकडे एकसारख्या जाडीचा. मला वाटलं, याहून चांगलं काय असणार? तिनं तो कापला, चिकटवला, दुसऱ्या दिवशी नखानं उचकटला तर पापुद्रा निघावा तसा अख्खा निघून आला. इतक्या गुळगुळीत गोष्टीला गोंद धरेल कसा? आजोबांना उशिरा कळलं. "माझा गुडघा कुठाय?" असं ते दोन दिवस घरभर विचारत फिरत होते. डॉक्टरांकडे नवीन एक्स-रे काढावा लागला. सुदैवानं नवीन गुडघा जुन्यापेक्षा बरा निघाला.

मग चामडं. चपला शिवणाऱ्याकडून तिनं पातळ तुकडा आणला, आणि तो बसला मात्र झकास. गोंद पिऊन घट्ट झाला, रेघही सुरेख दिसली. तिनं ती सुरी मला आणून दिली. मी ती हौसेनं ओट्यावर ठेवली. आजोबा नैवेद्याच्या ताटासाठी केळी कापायला आले, सुरी उचलली, निरखली.

"ही मधली रेघ कसली?"

"चामड्याची."

त्यांनी सुरी खाली ठेवली आणि विळी ओढली. मी चिडले, वाद घातला, पायातली वहाण आणि देवळातला मृदंग दोन्ही काढून झालं. ते म्हणाले, "मृदंगावर मी केळी कापत नाही." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडच्या निम्म्या घरांत हेच होणार. बाजारात बाई मूठ हातात घेणार, "चामडं हाये का?" विचारणार आणि पुढच्या दुकानी जाणार. शिवाय श्रावणात त्या सुरीला कुबट वास यायला लागला, तेव्हा प्रश्नच मिटला. पितळेच्या पत्र्याचाही विचार झाला, पण पत्राही पोलादासारखाच ढिम्म. दोन हटवाद्यांच्या मधे तिसरा हटवादी बसवून काय उपयोग?

उत्तर सापडलं ते विहिरीवरची मोटार जळाली म्हणून. मी ती जीपमध्ये घालून वायंडिंगच्या दुकानात नेली आणि तिथल्या बाकड्यावर वाट बघत बसले. कारागीर मोटारीच्या खाचांमध्ये तार भरण्याआधी एका जाड, कडक, विटकरी कागदाच्या पट्ट्या कापून बसवत होता. कात्रीचा आवाज कागद कापल्यासारखा येत नव्हता, नख कापल्यासारखा येत होता. मी उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

"हा कसला कागद?"

"फायबर कागद, म्याडम. मोटारीच्या पोटात राह्यते हा. तिथं टिकला तं कुठीबी टिकन."

मी मोटारीबरोबर त्या कागदाचा एक हातभर तुकडाही घेऊन आले. कारागिरानं तो का हवा हे विचारलं. मी "सुरीचं अस्तर" म्हटलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे बघून मोटारीचं काम जरा भरभर उरकलं असं मला वाटलं.

तो कागद आम्ही नीट पारखला. नुसता पाण्यात ठेवला तर कडांशी फुगतो, हे खरं. पण दोन्ही बाजू पॉलिशपेपरनं घासून घेतल्या, गोंदात माखल्या, आणि मूठ तयार झाल्यावर उघड्या कडेवरही गोंदाचा एक पातळ हात फिरवला, तर पाणी आत जात नाही. दाबला तर थोडा दबतो. लाकडाची पट्टी किंचित वाकडी असली तरी सांभाळून घेतो. आणि मुख्य म्हणजे त्याला जात विचारायला कोणी येत नाही. तिनं बाभळीच्या फळ्या घेऊन पहिली मूठ या कागदाच्या अस्तरावर केली. पूर्ण चोवीस तास शिकंज्यात, हलका दाब. ती सुरी नमुना म्हणून, रिपिट न ठोकताच, माझ्या घरी आली. आजोबांनी रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कागद." त्यांनी पेरू कापला.

मग तिनं आणखी सहा सुऱ्या घेतल्या. शेपट्या कानशीनं खरवडून, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट लावून पुसून, ओळीनं फडक्यावर मांडल्या. चिकटवायच्या होत्या त्याच दिवशी नेमकी खंडेनवमी आली.

आता तुम्हाला खंडेनवमी सांगायला हवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा असते. लोहाराच्या घरी तर तो सगळ्यात मोठा दिवस. भट्टी सारवतात, ऐरण धुतात, हातोडे, सांडश्या, कानशी मांडतात. प्रत्येकाला तेलाचं बोट, हळद-कुंकू, वर झेंडू. त्या दिवशी भट्टी पेटत नाही. भाऊंची बायको वारली तेव्हापासून ही पूजा सून करते, आणि मला दरवर्षी बोलावणं असतं.

मी गेले. सगळं मांडलेलं होतं. फडक्यावरच्या सहा सुऱ्या मात्र बाजूला, टेबलावर.

"या का नाही पूजेत?" मी विचारलं.

"मॅडम, तुमीच तं लिहून देलं. बोट लावाचं नाही म्हनून."

"अगं, तुझं हे पहिलं काम. पूजेला चालतं."

ती थबकली. भिंतीवरच्या पाटीकडे तिनं एकदा बघितलंसुद्धा. पण शाळेतल्या बाईंपुढे ती काय बोलणार? मीच निरांजनाशेजारच्या वाटीतल्या तेलात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं, आणि सहाही शेपट्यांना, टोकापासून दोन बोटं अंतरावर, एकेक ठिपका लावला. अगदी एका रेषेत. मला सगळं एका रेषेत आवडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

दसऱ्यानंतर तिनं ते ठिपके कोरड्या फडक्यानं पुसले. लखलखीत दिसत होतं. तिनं फळ्या चिकटवल्या. चोवीस तासांनी शिकंजे काढले. रिपिट ठोकायच्या आधी भाऊंनी हात वर केला.

"थांब. रिपिटाच्या भरवशावर नको. आधी बिनरिपिटाची दाखव."

त्यांनी पहिली सुरी उचलली, उलटी धरली आणि मुठीचं टोक ऐरणीवर आपटलं. टक्. वरच्या अंगाची फळी उडून भात्यापाशी पडली. दुसरी. तिसरी. सहाच्या सहा. आपटण्यात काही राग नव्हता, म्हणून तर ते बघवत नव्हतं. सहावी झाल्यावर त्यांनी पातं फडक्यावर ठेवलं.

"झालं," ते म्हणाले. "दिवाळीनंतर पातेच इकू."

तिनं फळ्या गोळा केल्या, खोली झाडली, आणि भिंतीवरची माझी पाटी काढून घडी घालून मला परत दिली. "कामाची हाये, मॅडम. तुमच्यापाशी राहू द्या."

मी त्या फळ्या एका डब्यात घालून घरी आणल्या. सकाळी ओसरीत उजेड आला तेव्हा भिंग काढलं. अस्तर लाकडाला घट्ट होतं, तिथे काही चुकलं नव्हतं. सुटलं होतं ते पोलादाकडून. गोंदाच्या थरावर कानशीच्या रेघा जशाच्या तशा उमटल्या होत्या, म्हणजे गोंद पोलादाला भिडला होता, पण धरला नव्हता. आणि प्रत्येक फळीवर, टोकापासून दोन बोटं अंतरावर, एक फिकट गुलाबी डाग होता. सहाही फळ्या जवळ मांडल्या तर सगळे डाग एका रेषेत.

तिनं कोरडं फडकं फिरवलं तेव्हा कुंकू गेलं आणि तेल सगळ्या शेपटीभर पसरून कानशीच्या चऱ्यांत बसलं. दिसणार कसं? शाळेत फळ्यावर माझ्याकडून स्पेलिंग चुकलं तर मी ते मुलांसमोर पुसून दुरुस्त करायची. त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण हे पुसता येण्यासारखं नव्हतं, आणि चुकीची शिक्षा दुसऱ्याच कुणाला झाली होती. चहा पिऊन मी चपला घातल्या.

भाऊ भट्टीपुढे बाजेवर बसले होते. ती आत पीठ मळत होती.

"भाऊ, त्या मुठी तिच्यामुळे सुटल्या नाहीत. माझ्यामुळे सुटल्या."

"तुमी तं हातबी लावला नाही त्याईले."

"लावला. खंडेनवमीला."

मी डबा उघडून डाग दाखवले. त्यांनी एक फळी उन्हात धरली, डोळ्यांजवळ नेली, नखानं डाग खरवडला, वास घेतला.

"म्हंजे देवाचं तेल नडलं म्हनता?"

"देवाचं नाही, माझं. वाटी तुमच्या घरची, बोट माझं."

त्यांनी आत बघून हाक मारली. "आयकलं का वं? तुह्या मॅडमनं सोताच पेपर काढला, आन् सोताच नापास!" आणि ते इतके हसले की खोकला आला. ती कणकेचे हात घेऊन दारात आली. ती हसली नाही. तिनं विचारलं, "मंग सातवी? तुमच्या घरची?"

सातवी, म्हणजे नमुन्याची, माझ्या घरी होती. तिला पूजा लागलीच नव्हती. मी तशीच परत गेले आणि ती घेऊन आले. भाऊंनी ती ऐरणीवर आपटली. टक्. पुन्हा टक्. मग त्यांनी पटाशी घेतली, सांध्यावर टेकवली आणि हातोड्याचा घाव घातला. फळी फुटली, पण सांध्यातून नाही. बाभळीचं लाकूड मधोमध चिरलं, आणि अस्तराला चिकटलेली लाकडाची कुसळं तशीच राहिली. भाऊ ते बोटानं चाचपत राहिले.

"लाकूड फुटलं, पन यानं सोडलं नाही," ते हळू म्हणाले. मग मोठ्यानं, "बाजाराले आठ दिवस हायेत. कर पुन्हा. पन माही परीक्षा वेगळी राहीन. आन् मास्तरीनबाई, तुमी उंबऱ्याच्या भाईर."

आजोबांची पेरू कापायची सुरी गेली म्हणून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी उंबऱ्याच्या बाहेरच राहिले. पाटी तेवढी खिडकीतून आत दिली.

तिनं सहाही शेपट्या नव्यानं खरवडल्या. स्पिरिटनं पुसल्या, फडकं बदलून पुन्हा पुसल्या, पांढऱ्या फडक्यावर काही उठत नाही हे बघून तिसऱ्यांदा पुसल्या. नवं अस्तर, नव्या फळ्या. शिकंजे हलके. भाऊंची परीक्षा अशी होती, की सुऱ्या एक दिवस आणि एक रात्र पाण्याच्या बादलीत, मग तीन दिवस भट्टीच्या टिनावर उन्हात. दसऱ्यानंतरचं आपल्याकडचं ऊन म्हणजे उन्हाळ्याची धाकटी बहीण. वर्षाचे दोन्ही टोकाचे दिवस त्यांनी चार दिवसांत बसवले होते. मी रोज भाजी आणायच्या निमित्तानं तिथून जायची. टिनावर सहा सुऱ्या तापत असायच्या आणि ती खाली टेबलापाशी दुसरं काहीतरी घासत असायची, वर न बघता.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊंनी बाज ऐरणीपाशी ओढून घेतली. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. तिनं फडकं उलगडलं. भाऊंनी एकेक सुरी आपटली, पिळली, सांध्याच्या रेघेवरून नख फिरवलं. पाच सुऱ्या झाल्या. एकही हालली नाही.

"सहा होत्या," ते म्हणाले.

"एक मीच काढली, मामाजी. कोपरा केसभर उचलला होता."

"कुठी हाये?"

तिनं टेबलाखालून ती काढून दिली. भाऊंनी ती उन्हात धरली. मला बाहेरून काही दिसलं नाही. नंतर मी भिंगातून बघितली, तेव्हाही तो कोपरा शोधावा लागला. भाऊंनी ती ऐरणीवर आपटली. फळी जागची हालली नाही.

"ही बी टिकली," ते म्हणाले.

"आज टिकली. मिरगात सुटली असती."

त्यांनी सुरी तिच्या हातात परत दिली, उठले, आपल्या कमरेला लावलेली, सांडश्यांचे रिपिट ठोकायची लहान हातोडी काढली आणि तिच्या टेबलावर ठेवली. ती हातोडी मी त्यांच्या कमरेशिवाय कुठे पाहिली नव्हती. मग बाज उचलून स्वतःच बाहेर सावलीत नेऊन टाकली. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "माल खोटा निघाला तं गिऱ्हाईक सांगते. हे पोरगी त्याच्या आधी सांगून राह्यली." आणि दोन पावलं पुढे जाऊन, "तुमी आता आत येऊ शकता. पन हात मांगं बांधून."

दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांनी रिपिट ठोकलेल्या पाच सुऱ्या मांडल्या. एक बाई मूठ हलवून बघत म्हणाली, "मागच्या बारीची सुटली होती हो, भाऊ. ही सुटन का?" भाऊंनी पानाचा विडा गालात सरकवला आणि मागे बसलेल्या सुनेकडे हनुवटी केली.

"तिले इचारा. मूठ तिची."

बाईनं विचारलं. ती सांगू लागली, आधी अडखळत, मग थांबवावं लागेल इतकं. बाई ऐकत राहिली. मला वाटतं, सुरीपेक्षा जास्त त्या विटकरी कागदाच्या गोष्टीसाठीच तिनं ती घेतली.

तुमच्याकडे आलेली सुरी त्यानंतरच्या उन्हाळ्यातली. हातानंच धुवा, धुतल्यावर लगेच पुसा, पाण्यात भिजत टाकू नका. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये तर मुळीच नको. रेघेवर कधी फट दिसली तर मला कळवा, मी तिला कळवेन. ती लपवणारी नाही.

भट्टी आता आठवड्यातून तीनच दिवस पेटते. गोल, लाख भरलेली मूठ भाऊंच्या हातून होत नाही आणि दुसऱ्या कुणाला ती येत नाही. खंडेनवमीची पूजा दरवर्षी होते. खिडकीपाशी टेबल आहे, आणि त्यावर ती रोज काम करते.